अमेरिका-युरोप संबंधांवरच्या परिषदेत पेपर: प्रस्तावापासून सादरीकरणापर्यंत

पुण्या-मुंबईच्या राज्यशास्त्र आणि संरक्षणशास्त्र विभागांतले, तसेच जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटनमध्ये शिकणारे मराठी विद्यार्थी अमेरिकी राजकारणावरच्या युरोपीय परिषदांना प्रस्ताव पाठवतात. त्यातले बरेच परत येतात. वाचन कमी पडते म्हणून नव्हे, तर कामे उलट्या क्रमाने होतात म्हणून. आधी भारदस्त शीर्षक सुचते, मग परिषद शोधली जाते, मग घाईने ॲबस्ट्रॅक्ट (पेपरचा सारांश) लिहिला जातो, आणि कोणती कागदपत्रे वापरणार हा प्रश्न निवड समितीने नकार दिल्यावर पडतो. खाली दिलेला क्रम पाळा. यात सर्वांत जास्त वेळ टप्पा २ आणि ३ यांना लागतो आणि लागू द्यावा.

टप्पा १: आधी श्रोते ओळखा, मग परिषद निवडा

‘अमेरिकी राजकारण’ हा विषय तीन वेगळ्या घरांत राहतो. राज्यशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि अमेरिकन स्टडीजवाले. एकच प्रस्ताव तिघांना पाठवला तर किमान दोन ठिकाणी तो परका वाटतो.

राज्यशास्त्राच्या परिषदेत विचारतात की तुमचा सिद्धान्त कोणता, तो कशावर तपासलात. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचे वार्षिक अधिवेशन अमेरिकेतल्या लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास असते आणि प्रस्तावांची मुदत त्याच वर्षीच्या जानेवारीत संपते. ब्रिटनमध्ये पोलिटिकल स्टडीज असोसिएशनचा अमेरिकन पॉलिटिक्स ग्रुप आहे. त्याची परिषद लहान असते, साधारणपणे जानेवारीत होते, आणि नवख्या माणसाला तिथे बोलायला खरोखर जागा मिळते.

इतिहासकार अभिलेखागाराबद्दल विचारतात. अमेरिकी परराष्ट्र संबंधांच्या इतिहासकारांची संघटना, शाफर, जूनमध्ये भेटते. ट्रान्सअटलांटिक स्टडीज असोसिएशनची परिषद बहुधा जुलैत असते आणि तिथे इतिहासकार व आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक एकत्र बसतात. नाटो, युरोपीय संघ, व्यापार, संरक्षण अशा विषयांसाठी माझी पहिली पसंती हीच असेल.

अमेरिकन स्टडीजमध्ये साहित्य, वंश, धर्म, चित्रपट, राजकीय भाषा हे सगळे येते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या युरोपियन असोसिएशन फॉर अमेरिकन स्टडीजची परिषद दर दोन वर्षांनी होते. नुसते संरक्षण खर्चाचे तक्ते घेऊन तिथे जाऊ नका.

पीएच.डी. करत असाल तर हायडेलबर्ग सेंटर फॉर अमेरिकन स्टडीजची स्प्रिंग अकादमी जरूर पाहा. मार्चच्या सुमारास आठवडाभर चालते, अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत मागवतात. नेदरलँड्समधल्या मिडलबर्गची रूझवेल्ट इन्स्टिट्यूट आणि डब्लिनची क्लिंटन इन्स्टिट्यूट यांच्या घोषणांवरही नजर ठेवा.

> सावधान: फेब्रुवारीत होणारी म्युनिक सिक्युरिटी कॉन्फरन्स ही मंत्री, सेनाधिकारी आणि निमंत्रितांची सभा आहे. तिथे पेपर पाठवण्याची सोय नसते.

पैसे उकळणाऱ्या ‘परिषदा’ अशा ओळखा. तुम्ही काहीही न पाठवता निमंत्रण आले. एकाच सभेत राज्यशास्त्र, नर्सिंग, नॅनोतंत्रज्ञान सगळे आहे. प्रस्ताव पाठवल्यावर दोन दिवसांत ‘स्वीकृत’ असे पत्र आणि लगेच शुल्काची मागणी आली. स्थळ म्हणून हॉटेलचे नाव आहे, पण यजमान विद्यापीठाचे नाही. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी पुढे जाऊ नका. खात्री करायची असेल तर यजमान विभागाच्या अधिकृत पानावर जाऊन परिषदेचा उल्लेख शोधा, आणि मागच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका काढून त्यातल्या दोन वक्त्यांची नावे त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर सापडतात का ते पाहा.

टप्पा २: विषयाचा प्रश्न करा

‘बदलत्या जगात नाटो आणि अमेरिका: आव्हाने आणि संधी’. अशा शीर्षकाचा प्रस्ताव समिती पहिल्या चाळणीतच बाजूला ठेवते, कारण त्याचे उत्तर चूक ठरण्याची शक्यताच नसते. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ‘नाही, असे घडले नाही’ असेही येऊ शकेल.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू.

नाटो ज्यावर उभी आहे तो नॉर्थ अटलांटिक करार ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. त्याच्या कलम १३ नुसार बाहेर पडू इच्छिणारा देश अमेरिकेच्या सरकारला नोटीस देतो आणि वर्षभराने त्याचे सदस्यत्व संपते. अमेरिकेच्या संविधानात करार करण्यासाठी सिनेटच्या (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) दोन-तृतीयांश संमतीची अट आहे. करारातून बाहेर कोणी पडायचे याबद्दल मात्र संविधान गप्प आहे. डिसेंबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तैवानबरोबरचा संरक्षण करार संपवायचे ठरवले तेव्हा सिनेटर गोल्डवॉटर कोर्टात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण गुणदोषांवर निकालात काढले नाही.

या पोकळीत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, डिसेंबर २०२३ मध्ये पाऊल टाकले. २०२४ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यातले कलम १२५०ए सांगते की सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय अध्यक्षाला नाटो सोडता येणार नाही. डेमोक्रॅट टिम केन आणि रिपब्लिकन मार्को रुबिओ यांनी मिळून हा प्रस्ताव रेटला होता.

आता मागे चला. १९७१ मध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी युरोपातले अमेरिकी सैन्य निम्म्यावर आणण्याची दुरुस्ती मांडली. अध्यक्ष निक्सन यांनी ती हाणून पाडण्यासाठी जुन्या सरकारांतल्या मातब्बरांनाही मैदानात उतरवले आणि दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे तेव्हा सिनेटमधला मोठा गट मागे ओढत होता आणि अध्यक्ष युरोपात टिकून होते. २०२३ मध्ये काँग्रेसनेच अध्यक्षाच्या पायात दोर घातला.

यातून प्रश्न निघतो: नाटोच्या बाबतीत अध्यक्षाला बांधण्यासाठी काँग्रेसने १९७१ मध्ये पैसा आणि सैन्यसंख्येचे हत्यार उचलले, २०२३ मध्ये थेट करारातून बाहेर पडण्याच्या अधिकाराचे. हा बदल कशामुळे झाला?

यात दोन तारखा आहेत, दोन मजकूर आहेत, एक तुलना आहे. उत्तर चुकीचे ठरू शकते. परिषदेला एवढेच हवे असते.

प्रश्न पक्का करण्याआधी या चुका तपासा. या मी सतत पाहतो, आणि यातली एक जरी प्रस्तावात असली तरी परीक्षकाचा विश्वास उडतो.

- ‘अमेरिकेने ठरवले’ असे मोघम वाक्य. व्हाइट हाउसने, सिनेटने, व्यापार खात्याने, की न्यायालयाने? आयात शुल्काचा अधिकार संविधानाने काँग्रेसला दिला आहे. २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लागले ते १९६२ च्या कायद्यातल्या कलम २३२ ने अध्यक्षाकडे सोपवलेल्या अधिकारातून.
- युरोपीय संघ आणि नाटो यांची सरमिसळ. संघात २७ देश, नाटोत ३२ (फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आला, स्वीडन मार्च २०२४ मध्ये), दोन्हींत असलेले २३. ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा, सायप्रस संघात आहेत, नाटोत नाहीत. तुर्किये, नॉर्वे, ब्रिटन याच्या उलट.
- ‘जर्मनीचा अमेरिकेशी व्यापार करार’. संघाच्या वतीने व्यापाराच्या वाटाघाटी युरोपीय आयोग करतो. २०१३ मध्ये सुरू झालेली टीटीआयपी (अमेरिका आणि संघ यांच्यातला प्रस्तावित व्यापार करार) बोलणीही त्यानेच केली.
- दोन टक्क्यांना ‘नाटोची वर्गणी’ म्हणणे. २०१४ च्या वेल्स शिखर परिषदेतले दोन टक्के म्हणजे प्रत्येक देशाने स्वतःच्या जीडीपीतून स्वतःच्या संरक्षणावर करायचा खर्च. जून २०२५ मध्ये हेगला ठरलेले २०३५ पर्यंतचे पाच टक्के (साडेतीन थेट संरक्षणावर, दीड संबंधित बाबींवर) हेही तसेच.
- युरोपियन काउन्सिल (संघातल्या देशांच्या नेत्यांची परिषद) आणि काउन्सिल ऑफ युरोप एकच समजणे. दुसरी संस्था संघाची नाहीच.

टप्पा ३: कागद हाती घ्या, मगच लिहा

अमेरिकी राजकारणाचा मोठा फायदा असा की मूळ कागद पुण्यात बसूनही मिळतात, तेही फुकट. तरी विद्यार्थी थिंक टँकच्या लेखांवर प्रस्ताव उभारतात, याचे मला वाईट वाटते.

आपल्या उदाहरणासाठी असे चला. आधी काँग्रेसच्या संकेतस्थळावर कलम १२५०ए चा पूर्ण मजकूर उतरवून घ्या आणि स्वतः वाचा. मग काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये (काँग्रेसमधल्या चर्चांची अधिकृत नोंद) मे १९७१ ची सिनेट चर्चा काढा. मग परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ मालिकेतला निक्सनकाळातल्या पश्चिम युरोप व नाटोवरचा खंड उघडा. त्यात व्हाइट हाउसमधल्या बैठकांचे टिपण सापडते. जनमतासाठी प्यू रिसर्च सेंटर आणि अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज यांची आकडेवारी आहे.

दुय्यम साहित्य त्यानंतर. गेल्या पाच-सात वर्षांतले तीन लेख निवडा आणि प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहा: हा काय म्हणतो, आणि मी त्याच्याशी कुठे असहमत आहे. ही ओळ लिहिता आली नाही तर लेख वाचून झालेला नाही.

> तपासणी: मूळ कागदातली निदान चार ठिकाणे पान क्रमांकासह वहीत आहेत का? नसतील तर टप्पा ४ ला हात लावू नका.

टप्पा ४: तीनशे शब्दांचा ॲबस्ट्रॅक्ट

आधी परिषदेची सूचना दोनदा वाचा. शब्दमर्यादा, परिचय किती शब्दांचा, फाइल कोणत्या स्वरूपात, नाव फाइलमध्ये हवे की नको, हे कागदावर उतरवा. यंदाचे सूत्र दिले असेल तर त्याच्याशी नाते एका वाक्यात दाखवा. ओढूनताणून चार वाक्ये लिहिली की ते लगेच कळते.

ॲबस्ट्रॅक्ट इंग्रजीतच जाणार. मांडणी दिसावी म्हणून त्याचा सांगाडा इथे मराठीत देतो:

*अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्षाला नाटोतून एकतर्फी बाहेर पडण्यास कायद्याने मनाई केली. अध्यक्षाच्या युरोपविषयक अधिकाराला वेसण घालण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये १९७१ मध्येही झाला होता, मात्र तेव्हा रोख सैन्यकपातीवर होता. काँग्रेस आणि लष्करी युती यांवरचे लेखन बहुतांशी या दोन क्षणांचा वेगवेगळा विचार करते. हा पेपर दोन्ही वेळच्या सिनेट चर्चा, कायद्याचे मसुदे आणि निक्सनकाळातील प्रकाशित सरकारी कागदपत्रे यांची तुलना करतो. माझा दावा असा की काँग्रेसची साधने बदलली, कारण तिची धास्ती बदलली: १९७१ मध्ये युतीच्या खर्चाची, २०२३ मध्ये युतीच्या अस्तित्वाची. न्यायालयांनी मोकळी सोडलेली जागा कायदेमंडळ कशी भरते, हे यातून दिसते.*

सहा वाक्ये आणि प्रत्येकाला वेगळे काम: घटना, कोडे, आधीच्या लेखनातली फट, साधने, दावा, महत्त्व. नाकारल्या जाणाऱ्या प्रस्तावांत बहुधा पाचवे वाक्य नसते. ‘या पेपरमध्ये चर्चा करण्यात येईल’ एवढ्यावर ते थांबतात. समितीला चर्चा नको, तुमचे म्हणणे हवे. पेपर पूर्ण झाला नसला तरी म्हणणे लिहा. सादरीकरणापर्यंत ते थोडे बदलले तर कोणी अडवत नाही.

आणखी एक अडचण या विषयाचीच आहे. प्रस्ताव आणि परिषद यांत सहा-आठ महिने जातात. मधे निवडणूक होते, शुल्क बदलते, न्यायालयाचा निकाल येतो. म्हणून ताज्या बातमीवर दावा उभारू नका. बातमी पहिल्या वाक्यात चालेल, पण दाव्याचा आधार घडून गेलेल्या, तपासता येणाऱ्या गोष्टीवर हवा.

शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा. त्यात काळ आणि संस्था दिसली पाहिजे.

टप्पा ५: पाठवणे आणि घड्याळ

मुदत ‘२३:५९’ असते, पण कुठले? मध्य युरोपची हिवाळी वेळ असेल तर भारतात दुसऱ्या दिवशी पहाटेचे ४:२९ वाजलेले असतात, उन्हाळी असेल तर ३:२९. न्यूयॉर्कची हिवाळी वेळ असेल तर सकाळचे १०:२९. काही परिषदा ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ लिहितात, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९. काहीच लिहिले नसेल तर आदल्या दिवशी भारतातली संध्याकाळ हीच मुदत धरा.

ऑनलाइन पॅनेल मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटी असेल तर जास्त जपा. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधल्या आठवड्यांत न्यूयॉर्क आणि बर्लिनमधले अंतर सहाऐवजी पाच तास असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या मध्ये पुन्हा तेच. भारतात घड्याळ बदलत नसल्याने आपल्या लोकांच्या हे ध्यानात येत नाही आणि पॅनेल अर्धे संपल्यावर ते जोडले जातात.

परिचय तृतीयपुरुषी, शंभर शब्दांत. शाळेतली बक्षिसे नकोत. सध्याची संस्था, संशोधनाचा विषय, असल्यास एखादे प्रकाशन, एवढे पुरे. फाइलच्या नावात आडनाव आणि परिषदेचे लघुरूप घाला.

टप्पा ६: होकार आल्यावर पैसा, मग व्हिसा, मग तिकीट

इथे क्रम चुकला की खिशाला झळ बसते.

१. होकाराला दोन दिवसांत उत्तर द्या. त्याच मेलमध्ये विद्यार्थ्यांसाठी प्रवास अनुदान किंवा शुल्कात सूट आहे का ते विचारा. यात संकोचण्यासारखे काही नाही. यजमानांना हा प्रश्न सवयीचा असतो.

२. निमंत्रणपत्र मागवा. त्यात पासपोर्टवरचे पूर्ण नाव, तारखा, स्थळ, पेपरचे शीर्षक आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवे. पासपोर्टवर वडिलांचे नाव असेल तर पत्रातही ते तसेच येऊ द्या.

३. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण काही प्रकरणांत ४५ पर्यंत लागू शकतात. शिवाय भेटीची वेळ मिळायलाच कधी कधी आठवडे जातात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांसाठी शुल्कमाफीची तरतूद आहे, म्हणून पत्र दाखवून अर्जाच्या वेळी विचारा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

४. ज्या देशात मुख्य मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. परिषद मिडलबर्गला आणि नंतर आठ दिवस पॅरिसला फिरणार असाल तर मुख्य मुक्काम कुठला हा प्रश्न अधिकारी विचारणारच.

५. रद्द न होणारे तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढा.

> सावधान: जर्मनीचा निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवसांपर्यंत फिरता येते. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात येत नाहीत. ऑक्सफर्ड किंवा डब्लिनची परिषद असेल तर भारतीय पासपोर्टधारकाला वेगळा व्हिसा लागतो, आणि डब्लिनचा व लंडनचा व्हिसाही सहसा एक नसतो.

टप्पा ७: वीस मिनिटांचा पेपर

पॅनेल बहुधा दीड तासाचे असते, त्यात तीन-चार वक्ते. वीस मिनिटे मिळाली तर इंग्रजी मजकूर २,२०० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, पंधरा मिळाली तर १,६०० वर थांबा. प्रबंधातले प्रकरण कापून वाचणे ही नेहमीची चूक. दहाव्या मिनिटालाही पार्श्वभूमीच चालू असते. मार्शल योजनेपासून (दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला केलेली मदत) सुरुवात नकोच. श्रोत्यांना ती पाठ असते. दावा दुसऱ्या मिनिटाला सांगा, मग १९७१, मग २०२३, मग तुलना.

स्लाइड सहा-सात. कायद्याचे मूळ शब्द एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत दाखवा, कारण चर्चा त्यावरच होते. डिस्कसंट (पॅनेलमधल्या पेपरांवर टिप्पणी करणारा अभ्यासक) असेल तर पूर्ण पेपर त्याच्या हाती ठरलेल्या तारखेला, मुदत दिली नसेल तर दोन आठवडे आधी द्या. उशिरा मिळालेल्या पेपरवर नीट टिप्पणी येत नाही आणि एवढ्या लांब जाऊन मिळवायची गोष्ट तीच असते.

घड्याळ लावून, उभे राहून, मोठ्याने तीनदा वाचा.

टप्पा ८: सभागृहात

सत्राच्या अध्यक्षांना दहा मिनिटे आधी भेटा, नावाचा उच्चार सांगा. वेळ संपल्याची चिठ्ठी आली की चालू वाक्य पूर्ण करून थेट शेवटच्या परिच्छेदावर जा.

प्रश्न आले की लिहून घ्या. उत्तर माहीत नसेल तर कोणता कागद पाहावा लागेल ते सांगा. तज्ज्ञांना ते उत्तर पटते. भारताच्या भूमिकेबद्दल प्रश्न येईलच, तुम्ही भारतीय आहात म्हणून. त्याचे दोन वाक्यांतले उत्तर तयार ठेवा आणि पेपरकडे परत या.

दुसऱ्याला प्रश्न विचारताना नाव, संस्था, एक प्रश्न. स्वतःचे मत मांडून शेवटी ‘यावर आपले काय म्हणणे’ असे जोडू नका.

बैठक चॅटम हाउस नियमाखाली आहे असे जाहीर झाले तर ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली किंवा तो कोणत्या संस्थेचा हे उघड करता येत नाही. वक्त्याचा फोटो टाकून त्याचे मत लिहिणे हा नियमभंगच. राजदूत आणि माजी अधिकारी असलेल्या सत्रांत हे कटाक्षाने पाळा.

टप्पा ९: परतल्यावर

त्याच संध्याकाळी डिस्कसंटच्या टिप्पण्या पूर्ण वाक्यांत उतरवा. आठवड्याच्या आत ज्या दोघा-तिघांशी खरे बोलणे झाले त्यांना मेल करा आणि त्यात बोलण्यातला नेमका मुद्दा असू द्या. विशेषांकासाठी पेपर मागितला तर होय म्हणण्याआधी मुदत, शब्दसंख्या आणि परीक्षण कसे होणार ते विचारा. वीस मिनिटांचा मजकूर नियतकालिकाच्या आठ हजार शब्दांपर्यंत न्यायला नवे कागद लागतात. आपल्या उदाहरणात ते कॅलिफोर्नियातल्या निक्सन लायब्ररीत किंवा ब्रुसेल्समधल्या नाटोच्या अभिलेखागारात असतील, आणि त्यासाठीच्या अनुदानांच्या मुदती वेगळ्या असतात.

सीव्हीत हा पेपर ‘परिषदांतील सादरीकरणे’ याखाली लिहा. ‘प्रकाशने’ याखाली तो छापून आल्यावरच जातो.